‘वेळ अमावास्या’ की ‘येळवस’?

प्रश्न : मार्गशीर्ष अमावास्या जवळ आली की शेतातल्या पूजेच्या, म्हणजे कडब्याची कोप (खोपटे), चुन्याने रंगवलेले पाच पांडव (पाच दगड) आणि भज्जी (मिश्र भाजी) व आंबील (ताकातले ज्वारीचे पेय) यांची पंगत, अशा चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. त्यांत बहुधा असे सांगतात की, वेळ म्हणजे काळ, आणि पिकाची योग्य वेळ साधून भूमातेची पूजा होते म्हणून ही ‘वेळ अमावास्या’. आमच्या अक्कलकोटकडे जुनी माणसे ‘येळवस’ म्हणतात. मूळ रूप कोणते समजावे?

उत्तर : ‘येळवस’ मुळाच्या अधिक जवळ आहे. कन्नडमध्ये या तिथीला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. संक्रांतीला कानडी घरांत वाटतात त्या ‘एळ्ळु-बेल्ल’मधला, म्हणजे तीळगुळातला, हाच शब्द. कन्नडमधला आरंभीचा ‘ए’ बोलताना ‘य’कडे झुकतो, आणि त्याचा दाखला शोधण्यासाठी सोलापूरकरांनी लांब जाण्याचे कारण नाही, कारण सिद्धेश्वर यात्रेतल्या तैलाभिषेकाला आपण ‘यण्णीमज्जन’ म्हणतो, त्यातली ‘यण्णी’ म्हणजे कन्नड ‘एण्णे’, तेल. तसेच ‘एळ्ळ’चे ‘येळ’ झाले आणि त्यापुढे ‘अवस-पुनव’ या जोडीतली आपली मराठी ‘अवस’ येऊन बसली.

मग ‘वेळ’ कोठून आली? गावाकडे ‘वेडा’ला ‘येडा’ आणि ‘वेळे’ला ‘येळ’ म्हणतात. त्यामुळे ‘येळवस’ हेही असेच अशुद्ध रूप असावे, असे समजून कोणा शिकलेल्याने लिहिताना ते ‘सुधारले’ असावे, असे मला वाटते. काळाशी जोडलेला अर्थ या सुधारणेनंतर चिकटला. ‘वेळ अमावास्या’ आता इतकी रूढ आहे की ती लिहिण्यास हरकत नाही. तिच्यावरून अर्थ सांगण्यास मात्र आहे.

पुरवणी : ‘येळ म्हणजे सात’ अशीही एक व्युत्पत्ती आमच्याकडे सांगतात. ज्येष्ठापासून मोजल्यास मार्गशीर्षाची अमावास्या सातवी येते, हे खरे.

उत्तर : हिशेब जुळतो, उच्चार जुळत नाही. कन्नडमध्ये सात म्हणजे ‘एळु’, त्यात ‘ए’ दीर्घ आणि ‘ळ’ एकेरी. तिळाच्या शब्दात ‘ए’ ऱ्हस्व आणि ‘ळ’ जोड. कानडी कानाला हे दोन शब्द सहज वेगळे ऐकू येतात. मराठीच्या नेहमीच्या लेखनात ऱ्हस्व ‘ए’साठी वेगळे चिन्हच नाही, त्यामुळे कागदावर त्यांची गल्लत होते.