मदत हवी आहे: २७ इंची जुन्या टूरिंग सायकलला टायर कुठला?

पुण्यात एक जुनी ब्रिटिश टूरिंग सायकल सेकंडहँड घेतली आहे. फ्रेम सरळ, रंग गेलाय, पण तो राहू दे. अडचण चाकांची. रिम २७ × १¼, म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास ६३० मिमी. आपल्याकडच्या २८ × १½ चा टायर ६३५चा, सैल बसतो. ७००सी (हल्लीच्या सायकलींचं माप) ६२२चा, चढतच नाही. २७चा टायर पुण्यात मिळेल का? की ७००सी चाकंच टाकू? त्यांची रिम लहान, मग ब्रेकचे रबर ४ मिमी खाली पोचायला हवेत.

दुसरं, कात्रजच्या चढाला जोर लावला की चेन सटकते. चेन नवी, फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) जुनं. फ्रीव्हीलच बदलावं ना? आणि स्टीलच्या रिमला पावसात ब्रेक लागत नाही, त्यावर कोणी काय केलंय? सामान लादून ताम्हिणी उतरायचीय हो!