ख्रिस्ती संस्थेत एमएसडब्ल्यू: प्रार्थना, फील्डवर्क, भाषा यांचं नेमकं काय असतं?

कृष्णाकाठ

मी सांगलीची, बीए मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, शिवाजी विद्यापीठ. पुढे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं नक्की आहे. तीन नावं डोक्यात आहेत: बेंगळुरूचं ख्राइस्ट, मुंबईचं निर्मला निकेतन आणि नगरचं सीएसआरडी. तिन्ही ख्रिस्ती संस्थांची. आम्ही हिंदू, त्यामुळे आजीचा एकच प्रश्न, "तिथं प्रार्थनेला बसवत्यात का?" माझे प्रश्न वेगळे आहेत. बिगरख्रिस्ती मुलांना जागा किती मोकळ्या असतात? फील्डवर्क म्हणजे आठवडाभरात नक्की काय करावं लागतं? आणि स्पेशलायझेशन आधी ठरवून जायचं की तिथं जाऊन? माहीतगारांनी सविस्तर सांगावं.

पानगळ

आधी एक दुरुस्ती. तिन्ही संस्था ख्रिस्ती असल्या तरी एका माळेचे मणी नाहीत. ख्राइस्ट हे अभिमत विद्यापीठ. सीएमआय या मूळच्या केरळी कॅथलिक संघानं १९६९ मध्ये कॉलेज काढलं, २००८ मध्ये ते डीम्ड झालं. परीक्षा, अभ्यासक्रम, फी सगळं त्यांचं ते ठरवतात. निर्मला निकेतन १९५५ चं, डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या धर्मभगिनींच्या संघाचं, पदवी मुंबई विद्यापीठाची. (मंगळुरूचं रोशनी निलय, १९६०, हेही याच संघाचं. तुमच्या यादीत नाही, पण असायला हरकत नाही.) सीएसआरडी हे बीपीएचई सोसायटीचं. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं, तीच सोसायटी. पदवी पुणे विद्यापीठाची.

आता आजींचा प्रश्न. राज्यघटनेचं कलम २८(३) स्पष्ट आहे: सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. एमएसडब्ल्यूला येणारी मुलं सज्ञान असतात, म्हणजे संमती त्यांची स्वतःची. प्रत्यक्षात दिसतं ते असं: कार्यक्रमाच्या सुरुवातीला छोटी प्रार्थना किंवा गाणं, आवारात चॅपेल, नाताळाचा कार्यक्रम. प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहिलं की पुरे. मूल्यशिक्षणाचे तास वेळापत्रकात असतील तर त्यांची हजेरी मात्र धरली जाते. ते बायबलचे तास नव्हेत, तेव्हा "आमचा धर्म वेगळा" म्हणून बुडवू नका.

जागांचं म्हणाल तर कलम ३० खाली अल्पसंख्याक संस्था आपल्या समाजासाठी काही जागा राखतात आणि त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला, धर्मगुरूंचं पत्र वगैरे मागतात. उरलेल्या जागांवर बाकी सगळे. लोक घसरतात ते दुसऱ्याच ठिकाणी. शैक्षणिक आरक्षणाच्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. त्यामुळे सरकारी कॉलेजात मिळते तशी एससी, ओबीसीची जागा इथं असेलच असं गृहीत धरू नका. माहितीपुस्तिकेतला जागांचा तक्ता वाचा. शिष्यवृत्तीचंही तेच. महाडीबीटीवरची योजना परराज्यातल्या अभिमत विद्यापीठाला लागू आहे का, हे फी भरायच्या आधी समाजकल्याण कार्यालयात विचारा.

गुरुवारची आयसी

धर्माचं वर आलंच आहे. माझ्या मते निवड त्यावर करूच नये, फील्डवर्कवर करावी. एमएसडब्ल्यूचा अर्धा जीव तिथं असतो.

साधारण रचना अशी: आठवड्यातले दोन दिवस एजन्सीत (म्हणजे जिथं प्रत्यक्ष काम शिकायचं ती संस्था किंवा रुग्णालय), मिळून १५ तासांच्या आसपास. बाकी दिवस वर्ग. सुरुवातीचे दोनतीन आठवडे ओरिएंटेशन व्हिजिट, म्हणजे रुग्णालय, निरीक्षणगृह, वस्ती, शाळा नुसत्या पाहायच्या. मग प्लेसमेंट लागते. प्रत्येकाला दोन सुपरवायझर, एक कॉलेजचा, एक एजन्सीतला. कॉलेजच्या सुपरवायझरबरोबर आठवड्याला एकदा एकट्याची बैठक, तिला इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, बोलताना आयसी. शिवाय ग्रुप कॉन्फरन्स, वर्षात एक रुरल कॅम्प, बहुधा सात ते दहा दिवसांचा, आणि शेवटी महिनाभराची ब्लॉक प्लेसमेंट. वर्गाची हजेरी टक्क्यांत मोजतात, फील्डवर्कचा चुकलेला दिवस मात्र भरून द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी फील्डवर्कमध्ये स्वतंत्र पास व्हावं लागतं. पेपरात सत्तर टक्के आणि फील्डवर्कमध्ये नापास, असं होऊ शकतं.

पहिल्या वर्षी दोनतीन केसेस, आठबारा जणांच्या एका गटाबरोबर ओळीनं आठदहा सत्रं, आणि वस्तीत एखादा कार्यक्रम, इतकं पदरात पडलं तर चांगलं. विद्यार्थी अडकतात ते रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत. नोंद त्याच रात्री लिहायची. दोन दिवस गेले की संवाद विसरतात आणि मग निबंध होतो. हा नमुना बघा. रुग्णालयातल्या बालवॉर्डातली भेट आहे असं धरू.

वाया गेलेली नोंद: "क्लायंट निराश वाटली. तिला समुपदेशन केले व धीर दिला."

कामाची नोंद: "११.२० ला वॉर्डात पोचले. मूल झोपलेलं, आई पलंगाच्या पायथ्याशी. विचारलं, 'रात्री झोप लागली का?' ती अर्धा मिनिट गप्प. मग म्हणाली, 'सलाईनकडं बघत बसले.' मी लगेच म्हणाले, 'होईल सगळं नीट.' तिनं तोंड फिरवलं आणि पिशवी आवरायला लागली."

बाजूच्या रकान्यात विश्लेषण: "ती भीतीबद्दल बोलायला लागली होती. मला शांतता सहन झाली नाही म्हणून खोटा दिलासा दिला. पुढच्या भेटीत सलाईनवरूनच विषय काढायचा."

आयसीमध्ये चर्चा होते ती या दुसऱ्या रकान्याची. पहिल्या नोंदीवर सुपरवायझर काय बोलणार? "धीर दिला म्हणजे काय केलं?" एवढंच लाल पेनानं लिहून वही परत येते.

नेहमीच्या चुका: क्लायंटला स्वतःचा मोबाइल नंबर देणं, पैसे देणं, "तुमचं रेशनकार्ड करून देते" असा शब्द देणं. तुम्ही आठवड्यात दोनच दिवस तिथं असता, रेशनिंग ऑफिस तुमच्या हातात नाही. "कुठले कागद लागतात ते बघू आणि सोबत जाऊ" इथपर्यंतच बोला. प्लेसमेंट संपणार हे तीनचार आठवडे आधी सांगा. शेवटच्या दिवशी पेढे देऊन निरोप घेतला की क्लायंटला ते सोडून जाणंच वाटतं. आणि एजन्सीनं झेरॉक्स, डेटा एंट्री नि फोटो काढायला बसवलं तर महिनाभर गप्प राहू नका. पहिल्या पंधरवड्यातच कॉलेजच्या सुपरवायझरला सांगा, नंतर एजन्सी बदलून मिळणं अवघड जातं.

जाता जाता: केसवर्कची (एकेका व्यक्तीसोबत करायच्या कामाची) सात तत्त्वं पाठ करावी लागतील. स्वीकार, निवाडा न करणं, गोपनीयता, क्लायंटचा स्वतः निर्णय घेण्याचा हक्क वगैरे. ती १९५७ मध्ये मांडली फेलिक्स बीस्टेक यांनी, आणि ते जेझुइट पाद्री होते. आजींना हेही सांगा. क्लायंटच्या श्रद्धेत हात घालू नये हे एका पाद्र्यानंच या धंद्याला शिकवलंय.

कृष्णाकाठ

रेकॉर्डिंगचं एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. आता भीती वाटते ती बेंगळुरूची. कन्नड अजिबात येत नाही. चालतं का?

एनएच ४८

वर्गात चालतं, सगळं इंग्रजीतच असतं. फील्डवर अर्धवट चालतं. कन्नड न येणाऱ्या मुलांना हिंदी, उर्दू किंवा इंग्रजीवर भागेल अशा एजन्सीत टाकतात: परप्रांतीय मजुरांच्या वस्त्या, काही शाळा, मोठी रुग्णालयं, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग. पण केसवर्क दुभाष्यामार्फत होत नाही. बाई नवऱ्याबद्दल बोलत असते आणि मध्ये शेजारीण भाषांतर करत असते, यात गोपनीयता उरते कुठं? म्हणून दीडदोनशे वाक्यं इथूनच शिकून जा. "निम्म हेसरेनु?" (तुमचं नाव काय), "ऊट आय्ता?" (जेवण झालं का), "स्वल्प निधानवागि हेळि" (जरा सावकाश सांगा). तुमच्याच जिल्ह्यात जत तालुक्यात घराघरात कन्नड बोलतात, एखादी मैत्रीण पकडा. तिची बोली उत्तरेकडची असेल, बेंगळुरूत लोक थोडं हसतील, पण समजून घेतील.

ख्राइस्टबद्दल आणखी दोन गोष्टी. एक, हजेरी ८५ टक्के. आपल्याकडच्या ७५ ची सवय असेल तर दिवाळीला घरी जाताना दिवस मोजावे लागतील. दोन, त्यांच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेचं नावही सीयूईटीच आहे. केंद्राच्या परीक्षासंस्थेची, एनटीएची सीयूईटी-पीजी वेगळी. एकीचा फॉर्म भरून दुसरीची वाट बघत बसणारे दर वर्षी सापडतात.

स्पेशलायझेशनचं उत्तर मानसशास्त्रवाल्यांसाठी थोडं कडू आहे. क्लिनिकल किंवा मेडिकल-सायकियाट्रिक घेऊन एमएसडब्ल्यू झालात म्हणून सायकियाट्रिक सोशल वर्कर होत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत एमएसडब्ल्यूनंतर त्याच विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल धरलेलं आहे. म्हणजे तो रस्ता चार वर्षांचा आहे, आणि एमफिलच्या बाबतीत यूजीसीचे नियम बदलत चाललेत, तेव्हा अर्ज करताना त्या वेळचे नियम बघा. रुग्णालयातलं मेडिकल सोशल वर्कचं काम वेगळं, त्याला एमएसडब्ल्यू चालतं. एचआर घेणाऱ्यांना नोकरी लवकर लागते हे खरं. कारखाने कायदा १९४८ च्या कलम ४९ नं ५०० कामगारांवर वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला होता, नव्या कामगार संहितेत तो आकडा २५० आहे. पण ज्यांना वस्तीतलं काम आवडतं ती मुलं एचआरमध्ये वर्षभरात कंटाळतात. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट ही पात्रता परीक्षा, सोशल वर्कचा विषय कोड १०.

भुईकोट

नगरबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून.

मराठीतून केसवर्क करायचं आणि ग्रामीण काम बघायचं तर सीएसआरडी दुय्यम पर्याय मानू नका. जिल्ह्यातच हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी पाणलोटासाठी, एचआयव्ही आणि लालबत्तीतल्या मुलांच्या कामासाठी स्नेहालय, आणि जामखेडला डॉ. रजनीकांत नि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प. अंगठेबहाद्दर बायकांना आरोग्यसेविका करून गावाचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं, ते तिथं. समुदाय संघटन वर्गात ज्या शब्दांत शिकवतात ते इथं चालताबोलता दिसतं. उणं म्हणाल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांचा अनुभव मुंबईइतका मिळणार नाही. देशातला पहिला मेडिकल सोशल वर्कर १९४६ मध्ये जे.जे.त नेमला गेला. मुंबईत त्या कामाला परंपरा आहे, आणि निर्मला निकेतन न्यू मरीन लाइन्सला असल्यानं चर्चगेट, सीएसएमटी दोन्ही हाताशी. फक्त एजन्सी मानखुर्द किंवा विरारला लागली तर दोन दिवस लोकलमध्ये जातात, हे धरून चाला.

मुलाखतीबद्दल. "मला लोकांची सेवा करायला आवडते" हे वाक्य घरी ठेवून जा. पॅनेल दिवसभर तेच ऐकत असतं. त्याऐवजी आपल्या गावातला एक प्रश्न तपशिलात मांडा. सांगलीला तर तोटा नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचनामे कुणाचे झाले, भाडेकरूंना मदत कशी मिळाली, घर कुणाच्या नावावर होतं. किंवा संग्राम संस्था आणि व्हॅम्प: वेश्याव्यवसायातल्या बायकांनी स्वतःची संघटना उभी केली ती तुमच्याच शहरात. त्याबद्दल सांगलीच्या मुलीला काही सांगता आलं नाही तर पॅनेलचे चेहरे बघण्यासारखे होतात. पुढचा प्रश्न हमखास येतो, "मग तुमची भूमिका काय असेल?" इथं "जनजागृती करेन" म्हणू नका. कुणाशी आधी बोलाल, काय विचाराल, कुठली योजना किंवा कायदा तपासाल, या क्रमानं सांगा.

पानगळ

कागदांचं राहिलं. शिवाजी विद्यापीठातून बाहेर जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, तिन्ही ठिकाणी. दक्षिणेतली बरीच कॉलेजं जूनमध्येच सुरू होतात आणि आपला सहाव्या सत्राचा निकाल तोवर लागलेला नसतो. अशा वेळी प्रवेश तात्पुरता देतात आणि गुणपत्रिकेसाठी तारीख लिहून घेतात. ती तारीख चुकवू नका, आणि पाचव्या सत्रापर्यंत एकही विषय राहिलेला नसल्याचं कॉलेजकडून लेटरहेडवर लिहून घ्या. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बीएची गुणपत्रिका यांत नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच बघा. मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तर प्रतिज्ञापत्र करायला लागतं, आणि ते सांगलीत करणं बेंगळुरूत करण्यापेक्षा सोपं.