घरच्या घरी पोटाचे डायलिसिस: मोबाइल ॲपमधील आकड्यांवर कितपत विसंबावे?

प्रश्न: वेदगंगा

माझ्या वडिलांचे पोटाचे डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, आजरा तालुक्यातील आमच्या गावी घरीच चालू आहे. दिवसातून चार वेळा पोटातले जुने द्रव नळीने बाहेर काढून दोन लिटरच्या पिशवीतले नवे द्रव आत सोडावे लागते आणि ते काम आई करते. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. आतापर्यंत सगळ्या नोंदी वहीत होत असत. आता रुग्णालयाने एक ॲप दिले असून त्यात रोजचे वजन, रक्तदाब, प्रत्येक वेळी बाहेर आलेल्या पाण्याचे माप आणि नळी पोटातून बाहेर येते तेथील त्वचेचे छायाचित्र भरल्यास तपासणीसाठी दोन महिन्यांतून एकदा आले तरी चालेल, असे सांगितले आहे. कोल्हापूरला जाऊन येण्यात बाबांचा अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे ही सोय आम्हाला मनापासून हवी आहे. मात्र ॲपच्या हिशेबाने रोज आत सोडलेल्या द्रवापेक्षा सहाशे मिलीलिटर जास्तीचे पाणी निघत असूनही बाबांच्या पावलांवर सूज आहे आणि आठवडाभरात वजन दीड किलोने वाढले आहे. ॲपवर हिरवी खूण दिसते आणि पाय वेगळेच सांगतात. यातले खरे काय मानावे?

उत्तर: पीडी (पोटाच्या डायलिसिसची) परिचारिका

खरे पाय आणि वजनकाटा मानावा. सूज आणि वाढलेले वजन ही बाब पुढच्या तपासणीपर्यंत लांबवू नका. आजच आपल्या केंद्राला फोन करा. दीड टक्क्याऐवजी अडीच टक्के ग्लुकोजची, म्हणजे जास्त पाणी ओढणारी, पिशवी लावण्याचा निर्णय घरच्या घरी घेऊ नये. बाबांना बद्धकोष्ठता आहे का, हेही फोनवर सांगा, कारण पोट साफ नसले की निचरा, म्हणजे बाहेर येणारे पाणी, कमी होऊ शकतो.

आता ॲपच्या आकड्याविषयी. दोन लिटर छापलेल्या पिशवीत प्रत्यक्षात थोडे अधिक द्रव असते, आणि पोटात सोडण्यापूर्वी त्यातील काही भाग नळी धुण्यासाठी थेट निचऱ्याच्या पिशवीत जातो. आई निचऱ्याची पिशवी काट्याला अडकवून दिसेल तो आकडा भरत असतील, तर त्यात हे धुण्याचे पाणीही येते आणि पिशवीचे स्वतःचे वजनही, आणि ॲप त्यातून सरळ २,००० वजा करून मोकळे होते. एका पिशवीमागे दीडशे मिलीलिटरचा फरक पडला तरी चार पिशव्यांचे सहाशे होतात, म्हणजे ॲपमध्ये दिसणारे सगळे पाणी कागदावरचेच असू शकते.

यावर मी घरोघरी शिकवते तो उपाय सोपा आहे. बाहेरचे वेष्टन काढल्यावर, जोडणी करण्यापूर्वी, नवा जोडपिशवी संच (नव्या द्रवाची भरलेली आणि निचऱ्याची रिकामी अशा जोडलेल्या पिशव्या) तोलावा. काम संपल्यावर तोच संच, म्हणजे रिकामी झालेली आणि निचऱ्याने भरलेली अशा दोन्ही पिशव्या, पुन्हा एकत्र तोलावा. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे जास्तीचे निघालेले पाणी. धुण्याचे पाणी आणि प्लॅस्टिकचे वजन दोन्ही वेळा सारखेच मोजले जात असल्याने आपोआप बाद होते. ॲपमध्ये हा फरक कोणत्या रकान्यात भरायचा, ते केंद्राला विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट आईंना आवर्जून सांगा: हात धुतल्यापासून नळीच्या तोंडावर नवी टोपी बसेपर्यंत मोबाइलला हात लावायचा नाही. नोंद नंतर केली तरी काही बिघडत नाही, पण जोडणीच्या मध्येच स्क्रीनला लागलेले बोट जंतू थेट नळीपर्यंत नेऊ शकते.

उत्तर: देवरुखकर

माझ्या पत्नीचे डायलिसिस घरीच होते आणि आम्हीही असेच ॲप वापरतो, म्हणून थोडे लिहितो. रुग्णालयाला पहिला प्रश्न हा विचारा की पलीकडे या नोंदी कोण आणि किती वाजता वाचते, आणि रविवारी काय होते. हैदराबाद येथील डॉ. के. एस. नायक यांच्या केंद्राने गावोगावच्या रुग्णांवर मोबाइल संदेश आणि छायाचित्रांच्या आधारे देखरेख ठेवण्याची पद्धत उभी केली व २०१२ मध्ये तिची माहितीही प्रसिद्ध केली. तंत्र साधेच होते, पण संदेश पाहणारी माणसे नेमलेली होती. तशी व्यवस्था नसेल, तर ॲप ही केवळ दुसरी वही ठरते.

बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले, तर ॲपच्या उत्तराची वाट पाहू नये. पिशवी छापील कागदावर ठेवावी. पलीकडची अक्षरे नीट वाचता आली नाहीत, तर लगेच फोन करावा आणि पिशवी फेकून न देता सोबत न्यावी. त्या पाण्यात दर मायक्रोलिटरला १०० हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आढळले, तर पोटाच्या पडद्याला संसर्ग झाल्याचे धरून त्याच दिवशी प्रतिजैविके सुरू करतात. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या छायाचित्रात हा गढूळपणा हरवून जातो. त्वचेचे छायाचित्रही दिवसाच्या उजेडात, रोज सारख्याच अंतरावरून काढावे. रेंजचे म्हणाल, तर नोंद फोनमध्ये साठून नंतर आपोआप जाते का, हे विमान मोडवर करून पाहा.

वेदगंगा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. केंद्राला फोन केला असून उद्या सकाळी बाबांना घेऊन बोलावले आहे. आणखी एक शंका आहे: बाबांना मधुमेह असून रात्रीची पिशवी आयकोडेक्स्ट्रिनची (ग्लुकोजऐवजी वापरायच्या द्रव्याची) आहे. साखर मोजण्याचे यंत्र ब्लूटूथने याच ॲपला जोडावे का?

पीडी परिचारिका

ताई, जोडण्याआधी यंत्राच्या पट्ट्या कोणत्या प्रकारच्या आहेत ते तपासा. आयकोडेक्स्ट्रिनपासून रक्तात माल्टोज ही वेगळी साखर तयार होते, आणि जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या पट्ट्या ते ग्लुकोज समजून साखर प्रत्यक्षाहून जास्त दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते, आणि ॲपमध्ये मात्र ती चढलेलीच दिसत राहते. ही पिशवी बंद केल्यावरही हा परिणाम काही दिवस टिकतो. उद्या जाताना यंत्र आणि पट्ट्यांची डबी दोन्ही सोबत न्या आणि पट्ट्या या पिशवीसोबत चालतात का, हे डॉक्टरांकडून पक्के करून घ्या. तोपर्यंत त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवू नका. बाबांना घाम, थरथर किंवा गुंगी जाणवली, तर यंत्रात साखर जास्त दिसत असली तरी ती उतरली आहे असे समजून साखर खायला द्या आणि लगेच फोन करा.