झोर्की-४ मध्ये दोन प्रतिमा जुळेनात

प्रश्न: झोर्की-४ हा जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा हाती आलाय, सोबत ज्युपिटर-८ लेन्स, ५० मिमी एफ/२. लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वात लांबच्या फोकसवर, टेकवली तरी बघायच्या खिडकीत लांबच्या खांबाची दुसरी प्रतिमा केसभर उजवीकडेच राहते. दोष कुणाचा?

उत्तर १: ३९ मिमी आट्यांची दुसरी लेन्स लावून बघा. तेच दिसलं तर रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस साधणारी यंत्रणा, हललाय. पुढच्या बाजूला, त्याच्या छोट्या खिडकीशेजारी झाकणाचा बारीक स्क्रू आहे. तो काढला की आत जुळवणीचा स्क्रू सापडतो. अगदी हलक्या हाताने फिरवा, जोर कराल तर पस्तावाल!

उत्तर २: आणि शटर ताणल्याशिवाय (फिल्म पुढे सरकवली की ते ताणलं जातं) शटरच्या वेगाच्या चकतीला हात लावू नका. सोव्हिएत यंत्रं दणकट, पण या बाबतीत भलतीच हट्टी.

प्रश्नकर्ता: दुसऱ्या लेन्सवरही तेच. स्क्रू जरासा फिरवला, खांब एक झाला. आता रोल भरतो.