शब्दचर्चा: 'फेडरल कोर्ट' मराठीत कसे लिहावे? अमिरातींच्या १९७८ च्या कायद्यावरून

लेखनिका:
संयुक्त अरब अमिरातीच्या १९७८ च्या ६ क्रमांकाच्या कायद्याचे शीर्षक मराठीत आणायचे आहे. कच्च्या भाषांतरात ते असे आले आहे: 'स्थानिक न्यायालयांच्या जागी केंद्रीय न्यायालये स्थापन करण्याबाबतचा कायदा'. 'केंद्रीय' खटकते आणि 'संघीय' हिंदी वाटते. 'स्थानिक' चालेल का? आणि 'च्या जागी' म्हटल्याने अर्थ बदलतो का?

नाझर:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मोठी चूक तिथेच आहे. मूळ अरबी शीर्षक साधारण असे वाचले जाते: 'इन्शा महाकिम इत्तिहादिया व नक्ल इख्तिसासात अल-हैआत अल-कदाइया अल-महल्लिया फी बअद अल-इमारात इलैहा'. यात 'च्या जागी' असा शब्दच नाही. 'नक्ल' आहे. आपल्या कोर्टातली 'नक्कल' हाच तो शब्द. अरबीत त्याचा पहिला अर्थ एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे असा आहे. नेले काय, तर 'इख्तिसासात', म्हणजे ज्याला त्याला नेमून दिलेले अधिकार. आपला 'खास' याच धातूचा. 'कदाइया' म्हणजे न्यायविषयक. 'काजी' त्याच घरातला, फक्त फारसीच्या वाटेने आल्यामुळे त्यात ज आला. 'महल्लिया' म्हणजे त्या त्या ठिकाणचे. 'मोहल्ला' आणि महालकऱ्याचा 'महाल' दोन्ही तिथलेच.

आणि 'फी बअद अल-इमारात' म्हणजे 'काही अमिरातींतील'. कच्च्या भाषांतरात हा 'काही' गळला आहे. तो गळला की सातही अमिरातींची न्यायालये एका फटक्यात गेली असे वाचणाऱ्याला वाटेल. कायदा झाला तेव्हा तो अबू धाबी, शारजा, अजमान आणि फुजैरा या चौघींपुरता होता. उम्म अल-कुवैन मागाहून आली. दुबई आणि रास अल-खैमा आलेल्याच नाहीत.

म्हणून क्रियापद 'वर्ग करणे' हवे. प्रकरण वर्ग होते, निधी वर्ग होतो, तशी इथे अधिकारिता वर्ग झाली. 'बरखास्त', 'रद्द', 'विलीन' यांपैकी काहीही लावू नका.

मोडीवाला:
नाझर यांच्या म्हणण्याला आपल्याकडचीच दोन उदाहरणे जोडतो, म्हणजे क्रियापदांतला फरक स्पष्ट होईल. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात आले. तिथे राज्यच उरले नाही, मग त्याचे हायकोर्ट कुठून उरणार? ते 'विलीनीकरण'. गोव्यात ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. त्यामागच्या १९८१ च्या कायद्याच्या नावातच अधिकारितेचा 'विस्तार' आहे: एक न्यायालय आधीपासून होते, त्याची हद्द वाढली. अमिरातींत या दोन्हींपैकी काहीच झाले नाही. शारजा ही अमिरात होती तशीच राहिली, तिचा शासक राहिला, तिचे स्वतःचे कायदे राहिले. फक्त खटला ऐकण्याचा अधिकार संघराज्याकडे गेला, आणि तोही तिने मागितला म्हणून.

तो 'मागितला म्हणून' भाग घटनेत आहे. अनुच्छेद १०४ सांगतो की संघराज्याच्या न्यायव्यवस्थेकडे न दिलेले सगळे विषय अमिरातीच्या न्यायव्यवस्थेकडे राहतील. अनुच्छेद १०५ सांगतो की त्यांपैकी सगळे किंवा काही विषय, संबंधित अमिरातीच्या विनंतीवरून, कायद्याने संघराज्याच्या प्रथमस्तर न्यायालयांकडे वर्ग करता येतील. पुढे अबू धाबीने २००६ च्या आपल्या २३ क्रमांकाच्या कायद्याने स्वतःचा न्याय विभाग उभा केला आणि अधिकारिता परत घेतली. 'विलीन' लिहिलेत तर ही परत घेण्याची गोष्ट वाचकाला कळणारच नाही. विलीन झालेले पुन्हा वेगळे काढता येत नाही, वर्ग केलेले परत वर्ग करता येते.

लेखनिका:
'वर्ग करणे' पटले. 'इख्तिसास'साठी 'अधिकारक्षेत्र' लिहू का? वर्तमानपत्रांत तोच शब्द दिसतो.

नाझर:
'क्षेत्र' म्हटले की नकाशा डोळ्यांपुढे येतो. इथे जमीन हलली नाही, विषय हलले: दिवाणी, व्यापारी, फौजदारी, कौटुंबिक. 'अधिकारिता' सर्वांत निर्दोष. 'अधिकारकक्षा'ही चालेल. 'अधिकारक्षेत्र' फक्त भौगोलिक हद्दीपुरते राखून ठेवा, कारण त्याच कायद्यात पुढे कोणते न्यायालय कोणत्या अमिरातीत बसेल हे येते आणि तिथे तो शब्द लागणार आहे. एकच शब्द दोन्हीकडे वापरलात की गोंधळ होतो.

अक्षरमित्र:
आता शीर्षकातला 'इत्तिहादिया', म्हणजे 'फेडरल' या अर्थाचा 'इत्तिहादी'. इत्तिहाद म्हणजे एकी, एकत्र येणे. मराठवाड्यातल्या वाचकाला 'इत्तेहादुल मुसलमीन' या नावातून तो शब्द ओळखीचा आहेच. त्यासाठी चार पर्याय समोर आहेत.

'केंद्रीय' नको. मराठीत केंद्र म्हणजे दिल्ली आणि केंद्रीय म्हणजे वरून खाली येणारे. २ डिसेंबर १९७१ ला सहा अमिराती आपापली सत्ता राखून एकत्र आल्या आणि १० फेब्रुवारी १९७२ ला रास अल-खैमा सातवी म्हणून आली. तिथे खालून वर जाणारी बांधणी आहे.

'संघीय' चूक नाही, पण हिंदी बातम्यांच्या वाटेने आपल्याकडे रुळला आहे. शिवाय मराठीत नुसता 'संघ' दूध संघापासून क्रिकेट संघापर्यंत इतक्या ठिकाणी राबतो की 'संघाचे न्यायालय' वाचताना क्षणभर अडखळायला होते.

'संघन्यायालय' मला मनापासून आवडतो. शाळेतल्या नागरिकशास्त्रात 'संघशासन' होतेच, त्याच घडणीचा हा. अडचण एवढीच की त्याचे विशेषण होत नाही. 'फेडरल कायदा', 'फेडरल अपील', 'फेडरल न्यायाधीश' असे सगळे एकाच लेखात आले की गाडी अडते.

म्हणून 'संघराज्यीय'. लांब आहे, मान्य. पण भारताच्या संविधानाच्या मराठी पाठात 'युनियन'साठी 'संघराज्य' आहे, त्यामुळे वाचकाला वेगळे शिकवावे लागत नाही.

ऐतिहासिक नावाला मात्र हात लावू नका. १ ऑक्टोबर १९३७ ला दिल्लीत सुरू झालेले, ज्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत बॅ. मुकुंदराव जयकर होते, ते 'फेडरल कोर्ट'च लिहावे. त्याने कोणत्याही प्रांताच्या न्यायालयाची अधिकारिता काढून घेतली नव्हती. दोघांना एकच मराठी नाव दिलेत तर ती दोन न्यायालये एकाच जातीची वाटू लागतील.

लेखनिका:
आणि 'स्थानिक'?

मोडीवाला:
बदलाच. आपल्याकडे स्थानिक म्हणजे गाव, तालुका, नगरपालिका. 'स्थानिक न्यायालय' वाचणारा तालुक्याच्या कोर्टाची कल्पना करील. इथे 'महल्ली' म्हणजे अमिरातीच्या पातळीचे. दुबईच्या 'स्थानिक' न्यायव्यवस्थेत अगदी वरचे कॅसेशन न्यायालयसुद्धा येते. 'अमिरातीचे न्यायालय' लिहा. आणि एकवचन 'अमिरात', अनेकवचन 'अमिराती', म्हणून 'अमिरातीच्या' आणि 'अमिरातींच्या' यांतला अनुस्वार इथे अर्थ ठरवतो. देशाचे नाव एक म्हणून 'संयुक्त अरब अमिरातीच्या', आणि सातजणी मिळून 'अमिरातींच्या'.

नाझर:
न्यायालयांच्या पायऱ्यांवर थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथल्या चुका पैशात महाग पडतात. पायऱ्या तीन: 'इब्तिदाइया', 'इस्तिनाफ' आणि सर्वांत वर कॅसेशन. पहिलीला 'प्रथमस्तर न्यायालय' म्हणा. दुसरी सरळ 'अपील न्यायालय'. तिसरीला 'उच्च न्यायालय' म्हणू नका. ते न्यायालय वस्तुस्थिती पुन्हा तपासत नाही, कायदा नीट लागू झाला की नाही एवढेच पाहते. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालच्या दुसऱ्या अपिलाशी ते जवळचे आहे. म्हणून 'कॅसेशन न्यायालय' असाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाला एक ओळ खुलासा द्यावा.

अरबीत त्याची नावे जागेप्रमाणे बदलतात. दुबईत आणि रास अल-खैमात 'तमयीज', अबू धाबीत 'नक्द'. तमयीज म्हणजे बरेवाईट वेगळे करणे. 'तमीज' तोच शब्द. 'नक्द' मात्र आपला 'नगद' नव्हे. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, पण अरबीत शेवटचे अक्षर वेगळे आहे, आणि इथे अर्थ 'मोडणे' असा, म्हणजे खालचा निर्णय मोडणे. 'रोख न्यायालय' असे यंत्राने केलेले भाषांतर त्यामुळेच होते.

जी अमिरात संघराज्यीय व्यवस्थेत आहे तिच्या प्रकरणांत सर्वांत वर अबू धाबीत बसणारे संघराज्यीय सर्वोच्च न्यायालय असते. दुबईचे नेहमीचे दिवाणी प्रकरण तिथे जात नाही, ते दुबईतच संपते. पण दोन अमिरातींमधला वाद किंवा कायद्याच्या घटनात्मकतेचा प्रश्न सगळ्यांसाठी तिथेच जातो.

अक्षरमित्र:
इथे आणखी एक खड्डा आहे. संघराज्यीय न्यायालय आणि संघराज्यीय कायदा या दोन वेगळ्या गोष्टी. दिवाणी प्रक्रियेचा २०२२ चा ४२ क्रमांकाचा संघराज्यीय आदेश-कायदा दुबईच्या न्यायालयातही लागतो. 'संघराज्यीय कायद्यान्वये दिलेला निर्णय' वाचून 'संघराज्यीय न्यायालयाचा निर्णय' लिहू नये.

लेखनिका:
महाराष्ट्रात अमिरातीतल्या निर्णयाची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल करताना न्यायालयाचे नाव कसे लिहायचे?

नाझर:
अमिरातीतल्या कोणत्या न्यायालयांचे हुकूमनामे इथे वसूल करता येतात हे सांगणाऱ्या भारत सरकारच्या १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेतले नाव जसेच्या तसे. तिथे संघराज्यीय सर्वोच्च न्यायालय वेगळे, संघराज्यीय प्रथमस्तर आणि अपील न्यायालये वेगळी, आणि अबू धाबीचा न्याय विभाग, दुबई न्यायालये, रास अल-खैमाचा न्याय विभाग हे वेगळे दिले आहेत. आधी हुकूमनाम्याचा मथळा पाहा. 'वजारत अल-अदल', म्हणजे न्याय मंत्रालय, असेल तर संघराज्यीय. 'दाइरत अल-कदा' असेल तर अबू धाबीचा न्याय विभाग. 'महाकिम दुबै' असेल तर दुबई. अबू धाबीचे कागद विशेष जपून वाचा, कारण तिथे जुना निर्णय संघराज्यीय आणि नंतरचा अमिरातीचा असू शकतो.

ही अधिसूचना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खालची. त्या कलमातल्या 'वरिष्ठ न्यायालय' या शब्दानेही फसायला होते. तिथे वरिष्ठ म्हणजे अपिलाचे नव्हे, अधिसूचनेत नाव असलेले. प्रथमस्तर न्यायालयसुद्धा त्या अर्थाने वरिष्ठच.

जिल्हा न्यायालयात हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल लागते आणि सोबत त्याच न्यायालयाचा दाखला लागतो, की हुकूमनाम्यापैकी किती रक्कम वसूल झाली किंवा वळती झाली. हा दाखला बहुधा विसरला जातो. फक्त पैशाचा हुकूमनामा या वाटेने येतो. कर, दंड आणि लवादाचा निवाडा येत नाही. एकतर्फी हुकूमनामा असेल तर कलम १३ खाली 'गुणदोषांवर निर्णय झाला नाही' ही हरकत हमखास येते, म्हणून 'हुदूरी' आणि 'गियाबी' हे शब्द भाषांतरात 'हजेरीत' आणि 'गैरहजेरीत' असे स्पष्ट उतरवा. 'गैरहजेरी'तली 'हजेरी' ही त्याच 'हुदूर'ची बहीण आहे.

लेखनिका:
मग शीर्षक असे लिहिते: 'संघराज्यीय न्यायालये स्थापन करण्याबाबत आणि काही अमिरातींच्या न्यायसंस्थांची अधिकारिता त्यांच्याकडे वर्ग करण्याबाबत कायदा'.

मोडीवाला:
'त्यांच्याकडे' कोणाकडे ते धूसर आहे. 'संघराज्यीय न्यायालये स्थापन करण्याबाबत आणि काही अमिरातींच्या न्यायसंस्थांची अधिकारिता त्या न्यायालयांकडे वर्ग करण्याबाबत कायदा' असे करा.