न्यूरोडायव्हर्जंट (मेंदूची घडण वेगळी असलेल्या, उदा. स्वमग्न) क्लायंटचा शारीरिक त्रास समुपदेशकाने कसा ओळखावा?

प्रश्न – समुपदेशक, चिपळूण
नमस्कार. माझ्याकडे येणाऱ्या एका स्वमग्न तरुणीला छातीत धडधडते आणि घाबरल्यासारखे होते. श्वसनाच्या व्यायामांनी तिला फरक पडलेला नाही. खोलात विचारल्यावर कळले की हा त्रास बहुधा उठून उभे राहिल्यावर होतो आणि मे महिन्याच्या उकाड्यात वाढतो. निदान करणे माझे काम नव्हे. परंतु ही केवळ चिंता नसावी, अशी शंका कोणत्या खुणांवरून घ्यावी आणि डॉक्टरांना काय लिहून द्यावे?

उत्तर – फॅमिली डॉक्टर, कणकवली
धडधड नेमकी कधी होते हे आपण विचारलेत, तीच मोठी खूण आहे. पॉट्स या विकारात उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी मिनिटाला किमान ३० ठोक्यांनी वाढते (१२ ते १९ वयात ४०), रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही, आणि हा त्रास काही महिने टिकून असतो. स्वमग्नता व एडीएचडी (लक्ष टिकवणे अवघड जाणे, अतिचंचलता) असलेल्यांत सांध्यांची अतिलवचीकता अधिक आढळते आणि तिच्यासोबत पॉट्सही दिसतो. त्यामुळे सांधे वारंवार निखळतात का, हे जरूर विचारावे. अर्थात रक्तक्षय, थायरॉइड आणि एडीएचडीची उत्तेजक औषधे यांनीही नाडी वाढते, म्हणून तपासणी आधी व्हावी. रक्तदाब पाहिल्याशिवाय पॉट्ससाठी जादा मीठ खाण्याचा सल्ला कोणी देऊ नये. चिठ्ठीची सुरुवात ‘चिंताग्रस्त’ या शब्दाने करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण तो वाचल्यावर पुढची तपासणी अनेकदा होतच नाही. त्रास कधी, कोणत्या स्थितीत आणि किती वेळ होतो, पाळी, जेवण व चालू औषधे, एवढे लिहावे.

उत्तर – स्वमग्न वाचक, मालवण
‘कुठे दुखते का?’ असे विचारल्यास मी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण भूक, तहान आणि वेदना मला फार उशिरा जाणवतात. ‘सकाळपासून पाणी किती वेळा प्यायलात?’, ‘शौचाला शेवटचे कधी गेलात?’, ‘या आठवड्यात कोणते नेहमीचे काम टाळलेत?’ अशा प्रश्नांना मी नीट उत्तर देऊ शकतो. न बोलणारी व्यक्ती अचानक गालावर मारून घेऊ लागली किंवा जेवण नाकारू लागली, तर तो हट्ट समजण्यापूर्वी दात, कान आणि बद्धकोष्ठता तपासून घ्यावी. माझे चेहऱ्यावरचे भाव शांत असतात. त्यावरून वेदना कमी असेल, असा अंदाज कृपया बांधू नका.

उत्तर – फॅमिली डॉक्टर, कणकवली
वरील मुद्द्याला जोडून सांगतो. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करणारा क्लायंट केवळ ‘थकलो आहे’ म्हणाला, तरी ताप आहे का, पोटऱ्या दुखतात का आणि डोळे लाल झाले आहेत का, हे थेट विचारावे. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी व चिखलातून होणारा संसर्ग) होतो आणि त्यावरील औषध लवकर सुरू व्हावे लागते. अशा वेळी पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.