कमानीवर नाव कोणाचं? खान्देशी मंडळींनी बोलावं

गिरणाथडी
आमच्या गावाच्या वेशीवर नवी कमान होतेय. दोन्ही खांबांवर 'गावाचं नाव मोठं करणाऱ्यां'चे फोटो लागणार आहेत, आणि त्याची यादी सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय. वरच्या रांगेत तीन नट-नट्या. त्यातल्या एकीचा गावाशी संबंध एवढाच, की तिच्या आजोबांची इथं सात एकर कोरडवाहू होती. तीही कधीच विकून झाली. पैलवान, धावपटू खालच्या रांगेत, आधार कार्डावरच्या फोटोएवढे.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यानं सुरुवात इथं केली त्याचंच नाव लावा. सातबारा आणि जन्मदाखला बाजूला ठेवा.

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी घ्या. 2014, 2015, 2016, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. त्याच्या आधी असं सलग तीनदा नरसिंग यादवनं केलं होतं. पुढे विजय पोलीस खात्यात अधिकारी झाला. मी शिकवतो त्या वर्गात त्याचं नाव विचारलं, चार हात वर आले. सिनेमातली मृणाल ठाकूर विचारली तर पोरं बाकावर उभी राहायची बाकी होती.

लहानपणी आमच्या यात्रेत बारागाड्या ओढून झाल्या की दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात कुस्त्या लागायच्या. सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. आठ-नऊ वर्षांची पोरं, कोणाचा लंगोट मोठ्या भावाचा, दोनदा गुंडाळून बांधलेला. माझा मामा पंच. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत तो मूठभर रेवड्या टाकायचा आणि हरलेल्याच्याही हातावर दोन ठेवायचा, कोणाला दिसणार नाही अशा बेतानं. त्या पोरांतले किती पुढे गेले विचाराल, तर एकही नाही. गावातला आखाडा आता खताचं गोडाऊन आहे. मातीवर फरशी टाकली.

शिरपूरवाला
दादा, रेवड्या गोड होत्या. पण तुमचा नियम लावला तर स्मिता पाटील आमची राहत नाही, आणि ते शिरपूरमध्ये कोणी ऐकून घेणार नाही. जन्म 17 ऑक्टोबर 1955, पुण्यात. शाळाही पुण्यात. पुढे मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची. 'भूमिका' आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार, 1985 साली पद्मश्री, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात गेली, एकतीस वर्षांची. यात शिरपूर कुठंय? कागदावर कुठंच नाही. पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील आमचे, स्वातंत्र्यलढ्यातले, नंतर मंत्री. आपल्याकडे पोरगी कुठेही जन्मली तरी 'अमक्याची लेक' म्हणूनच ओळखतात ना? मग इथंच का मोजपट्टी काढता?

आणि विजयभाऊचा मोठा सराव पुण्यातच झाला. तुमच्या नियमानं तोही पुण्याचाच निघेल. नरसिंगचं तर घर मूळचं बनारसकडचं, वाढला मुंबईत, गदा महाराष्ट्राची. तो कोणाच्या कमानीवर लावायचा?

गिरणाथडी
पुण्याला जावं लागलं हेच तर माझं दुखणं आहे, भाऊ. कमानीला पैसा निघतो, मॅटच्या हॉलला निघत नाही.

स्मिताबद्दल मात्र मी हटणार नाही. तिच्याबद्दल आदर आहेच. पण तिला घडवलं पुण्या-मुंबईनं. आपण फक्त आडनाव मिरवतो.

कळण्याची भाकरी
गिरणाथडी दादा, एक विचारते, राग मानू नका. तुमच्या त्या नदीच्या पात्रात बायकांना बसायला जागा कुठं होती?

मी सांगते. नव्हती. आम्ही मारुतीच्या पाराच्या मागे उभ्या, तेही वडीलमाणूस दिसलं की पळायचं. आमच्या वाट्याला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लिंबाला झोका, गाणी म्हणायची, दोन दिवस माहेर, संपलं. माझ्या वर्गातली एक मुलगी इतकी पळायची की मास्तर सायकलवर मागे पडायचे. नववीत लग्न झालं. तुमच्या 'सुरुवात इथं केली' या नियमात ती बसते. फोटो लावणार?

मृणालचा जन्म धुळ्याचा, काही वर्षं शाळा जळगावात. आधी टीव्ही मालिका, मग 'लव्ह सोनिया', 'सुपर 30', आणि 2022 ला तेलुगू 'सीता रामम'. ती इथं घडली नाही हे मान्य. पण माझी भाची आरशासमोर उभी राहून म्हणते, 'ती पण धुळ्याचीच ना गं मावशी?' तेवढ्यासाठी तो फोटो मला वरच्या रांगेत चालेल. पैलवानाचा शेजारी लावा, खाली नको.

यंत्रमाग
तुम्ही सगळे गेलेल्यांवरच भांडताय. आम्ही राहिलेल्यांचं काय?

मालेगाव सरकारी नकाशात नाशिक जिल्ह्यात, पण बाजारात अहिराणी ऐकायला येते म्हणून बोलतो. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. 'शोले' मालेगावात पुन्हा केला, आमचीच माणसं घेऊन. बैलगाडीवर कॅमेरा चढवून क्रेन केली. त्यांच्याच पुढच्या सिनेमात सुपरमॅन झालेला शफीक मागावर काम करणारा, अंगानं काडी. त्यांच्यावर 2008 मध्ये माहितीपट निघाला आणि 2025 मध्ये रीमा कागतींचा हिंदी चित्रपट थिएटरात लागला. तेव्हा कुठं आमच्या लोकांना वाटलं की हे काहीतरी मोठं होतं. तोवर 'उद्योग नाही पोरांना' असंच म्हणायचे. माझा बापसुद्धा.

यातला कोणी तुमच्या कमानीवर येईल का? येणार नाही, कारण ते मुंबईला जाऊन परत सत्कार घ्यायला आले नाहीत.

शिरपूरवाला
हे मात्र लागलं. आज यूट्यूबवर अहिराणी गाणी कोटींच्या घरात बघितली जातात, 'हाई झुमकावाली पोर'वर पार कोकणातल्या वराती नाचतात. त्यातल्या किती कलाकारांचं गाव आपल्याला माहीत आहे? मलाही नाही. गाणं मात्र पाठ.

भो धुळेकर
कसाले भांडतस भो? फोटो कोणाचाबी लावा, सहा महिन्यात त्याच्यावर वाढदिवसाचं बॅनर येणारच. आमच्या चौकातल्या फलकावर एका थोर माणसाचं फक्त कपाळ दिसतं. खाली दादांचा गॉगल.

कळण्याची भाकरी
😂 कपाळ तरी दिसतंय.

गिरणाथडी
ताई, तुमच्या प्रश्नाला काल रात्री उत्तर लिहिलं आणि खोडलं. जागा नव्हती हे खरं आहे. मला ते कधी दिसलंच नाही, कारण मी मामाच्या मांडीवर बसलेलो असायचो.

'सुरुवात इथं' हा माझा नियम मी अजून सोडत नाही. पण त्यात आधी 'कोणाला सुरुवात करू दिली' हे बघावं लागेल, आणि मग आमच्या यादीत फार थोडे उरतात. उद्या कमिटीत दोन गोष्टी मांडतो. फोटो एकाच मापाचे. आणि कमानीवरच्या दिव्यांचा खर्च कापून गोडाऊनमधली फरशी उखडायची. खतवाला माझा चुलतभाऊच आहे, म्हणजे भांडण घरातच होणार.

यंत्रमाग
फरशी निघाली की फोटो टाका. कमानीचा नको, मातीचा.

भो धुळेकर
आणि रेवड्या कोण आणणार ते आत्ताच ठरवा.